मेणाची एक्केचाळीस पानं

नख आत रुतलं आणि तिला कळलं, आपण चुकलो. पान खरं होतं. नखाच्या अर्धगोल खुणेतून एक थेंब वर आला, क्षणभर थरथरला आणि तिथेच बसून राहिला. घरसजावटीच्या त्या दुकानात जाड पानांची खरी सक्युलंट आणि नकली सक्युलंट एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडली होती, मध्ये पाटी नाही, काही नाही. आणि तिनं चष्मा वरखाली करून, मान वाकडी करून, दोन मिनिटं नीट निरखून मनाशी निकाल दिला होता की हे नकली आहे. इतकं रेखीव, इतकं निर्दोष काही खरं असत नाही. खात्रीपुरतं म्हणून नख लावलं, तर हे असं. बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत तिची अठ्ठावीस वर्षं गेली होती. मूठभर दाण्यांतले जिवंत किती आणि मेलेले किती, एवढंच सांगायचं तिचं काम. दाणे भिजवायचे, मधोमध चिरायचे, औषधाच्या पाण्यात ठेवायचे. जिवंत कोंब तांबडा होतो, मेलेला पांढराच राहतो. तिची सही असलेल्या कागदावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. आणि इथे, उशांचे अभ्रे आणि फुलदाण्या यांच्या मधोमध, तिचा अंदाज साफ कोसळला होता.

"मेलेलं नव्हतं हो ते," दुकानदारीण गल्ल्यामागून म्हणाली. "आता तुम्ही मारलंत."

"माफ करा. मला वाटलं..."

"सगळ्यांनाच वाटतं. बघा ना, त्या रांगेतल्या निम्म्या पानांवर नखं आहेत. मी तर आता सांगते गिऱ्हाइकांना, ज्याच्यावर ओरखडा दिसेल ते खरं समजा."

ती कसंनुसं हसली आणि पिशवीचा बंद या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. तिला झाड हवं होतं ते आईसाठी. रविवारी आई येणार होती, या वेळी राहायला म्हणून नाही, कायमची. गेले तीन आठवडे ती आणि तिचा नवरा मिळून मागची खोली लावत होते. भिंतीला दुधी रंग, पलंगाशेजारी हाताशी येईल असं बटण, न्हाणीघरापर्यंत भिंतीला धरायला दांडी, आणि खिडकीला दुहेरी, जाड, गडद निळा पडदा. पडदा नवऱ्यानं स्वतः शिडीवर चढून बसवला आणि खाली उतरून म्हणाला, "आता इथे फोटो धुवायचं दुकान काढलं तरी चालेल." पण इलाज नव्हता. आईला उजेड सोसत नसे. चाळीस वर्षांवर झाली, आईच्या खोलीचा पडदा दुपारी कधी उघडा राहिला नव्हता, हे घरात सगळ्यांना मीठ खारट असतं तितकं ठाऊक होतं. त्या खोलीत काहीतरी हिरवं हवं असं तिचं एकटीचं म्हणणं. आणि अंधाऱ्या खोलीत खरं सक्युलंट ठेवलं तर ते उजेड शोधत वाढतं, मान लांबवतं, फिकट पडतं आणि मग आडवं होतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? नवरा म्हणाला होता, "नकलीच घे. आईंना पाणी घालायची कटकट नको आणि तुला वाळल्याचं सुतक नको." म्हणजे प्रश्न सुटलाच होता. तरी ती अर्धा तास फळीपुढे उभी होती, आणि खऱ्याला नख लावून बसली होती.

"ठेवणार कुठे?" दुकानदारीण आता जवळ आली होती. वयानं तिच्याएवढीच, केसांत पेन खोचलेलं, हाताला मातीचा वास.

"आईच्या खोलीत. खिडकीत. पण तिथे पडदा ओढलेला असतो, तिला ऊन चालत नाही."

"मग डोळे झाकून हे न्या." तिनं पुढच्या रांगेतलं एक गुबगुबीत, राखी हिरवं नकली झाड उचललं. "आणि पडदा असतो ते उत्तमच. यांना काचेतलं ऊन नको. मऊ पडतात, कडेची पानं मान टाकतात. आमची एक ताई आहे, ती यांच्यासाठी रोज दुपारी आठवणीनं पडदा ओढते. मी म्हटलं, अहो, झाड तुमच्यासाठी आणलंय की तुम्ही झाडासाठी?"

ती झाड हातात घेऊन उभी राहिली. दुकानदारीण आणखी काही सांगत होती, कुंडीच्या रंगाचं. तिला ते ऐकू येत होतं, पण पलीकडच्या खोलीतल्या बोलण्यासारखं. मऊ पडतात. कडेची पानं मान टाकतात. रोज दुपारी आठवणीनं पडदा ओढते.

बाबांच्या खोलीला मेणाचा आणि टर्पेंटाइनचा वास यायचा. ती खोली म्हणजे स्वयंपाकघरामागचं कोठार, एक टेबल, एक स्टोव्ह, आणि भिंतभर पत्र्याचे डबे, डब्यांत प्लास्टरचे साचे. बाबा कॉलेजच्या वनस्पतीशास्त्र विभागासाठी नमुने करायचे. पानं, फुलं, उभी कापलेली फळं, मुळाची टोकं ढोपराएवढी करून. मुलांना वर्षभर प्रत्येक झाड कुठून दाखवणार, म्हणून बाबांची झाडं. मेणाचं एकेक पान ते वेगळं ओतायचे, कोमट असतानाच बोटांनी त्याला बाक द्यायचे, मग तारेवर बसवायचे. आणि प्रत्येक नमुन्यात ते मुद्दाम काहीतरी बिघडवायचे. एका पानाला अळीनं खाल्ल्यासारखं भोक, एकाचं टोक करपलेलं. "अगं मुंगे," ते म्हणायचे, कारण लहानपणी ती भिंतीच्या कडेकडेनं, एका रेषेत चालायची, "डाग नसला की लोकांना संशय येतो." हे आत्ता आठवलं, आणि मघाशी त्या निर्दोष पानाला आपण नकली का ठरवलं तेही कळलं. ते शिक्षण प्रयोगशाळेतलं नव्हतंच. बाबांचे नमुने तयार झाले की कापसात गुंडाळून, खोक्यातून, कॉलेजातल्या काचेच्या कपाटांत जायचे. तिथे ते राहायचे, थंड, बंद, किल्लीखाली. घरात एकही नव्हता. घरात आईचं झाड होतं.

आईचं झाड एकच. सक्युलंट हा शब्द तेव्हा घरात बाबांखेरीज कुणी म्हणत नसे, आई त्याला जाडपानी म्हणायची. पाकळ्यांसारखी एकात एक बसलेली राखी पानं, त्यावर पिठासारखी पांढरी पूड, बोट लावलं की बोटाचा ठसा कायमचा उमटायचा. म्हणून बोट लावायचं नाही. ते खिडकीत असायचं आणि खिडकीशी आई असायची, मांडीवर पाट, पाटावर छापखान्यातून आलेली प्रुफं. आई घरी बसून प्रुफं तपासायची. दुपारी बारापासून तीनपर्यंत त्या खिडकीत असं ऊन यायचं की कागद पेटेल की काय वाटावं, आणि आई त्यात मांजरासारखी बसायची, पाय पसरून, अर्धे डोळे मिटून, हातातली पेन्सिल मात्र जागी. तिच्या नजरेतून चूक सुटत नसे. एक वेलांटी नाही, एक उलटं बसलेलं अक्षर नाही. चूक सापडली की ती ओरडायची नाही, हसायचीही नाही. समासात बारीकशी खूण करायची आणि पुढे जायची. छापखान्याचा मालक म्हणायचा, "बाई, तुम्ही चूक दाखवता ते लागत नाही, तुम्ही काही बोलत नाही ते लागतं."

ती अकरा वर्षांची असताना आई दवाखान्यात गेली. फुप्फुसाचं काहीतरी, सहा आठवडे. लहान मुलांना आत सोडत नसत. जाताना आई दारात थांबून म्हणाली, "जाडपानीला आठ दिवसांनी एकदा. आधी मातीत बोट घालून बघायचं, कोरडी असेल तरच. कळलं ना गं?" कळलं होतं. पहिले आठ दिवस तिनं पाळलेही. मग एका संध्याकाळी बाबा दवाखान्यातून आले, चपला न काढता तसेच खुर्चीत बसले, आणि तिनं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती झाडाला रोज पाणी घालायला लागली. सकाळी एक वाटी, शाळेतून आल्यावर एक वाटी. तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं: झाड टुमटुमीत राहिलं की आई बरी होणार. कुणाशी तसा करार केला होता कोण जाणे. झाडाला तो मान्य नव्हता. पानं आधी काचेसारखी झाली, आरपार दिसायला लागली, तिला वाटलं छान फुगली आहेत. मग खालचं एक गळलं. मग हात लागला की गळायला लागली. शेवटी मधला देठ काळा पडून बोटाखाली उकडलेल्या बटाट्यासारखा दबला. तिनं कुंडी उचलली आणि बाबांच्या टेबलाखाली, रिकाम्या डब्यांमागे लपवली, आणि खिडकीत कुंडीचा गोल डाग राहिला.

बाबांना ती दोन दिवसांनी सापडली. ते रागावले नाहीत. तेवढं तरी करायला हवं होतं, असं तिला पुढे कितीदा वाटलं. त्यांनी कुंडी टेबलावर ठेवली, दिवा ओढला, आणि डॉक्टर बघतात तसं बराच वेळ बघितलं. "पाणी?" त्यांनी विचारलं. तिनं मान हलवली. "रोज?" पुन्हा मान. मग ते म्हणाले, "एक काम कर. पानं किती होती ते तुला माहीत असेल." माहीत होती. एक्केचाळीस. ती सगळंच मोजायची तेव्हा, जिन्याच्या पायऱ्या, खिडकीचे गज, आईचे दिवस. बाबांनी डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत वाचत एक डबा काढला. दोन वर्षांपूर्वी विभागासाठी त्यांनी याच झाडाची पानं घेऊन साचे केले होते. तेव्हा आई त्यांच्याशी अख्खा दिवस बोलली नव्हती. चार दिवस ते दोघं त्या खोलीत होते. बाबा ओततायत, ती साच्यांना तेल लावतेय, बाबा बाक देतायत, ती मोजतेय. शेवटी बाबांनी शंखजिऱ्याची पूड मऊ कुंचल्यानं पानांवर भुरभुरली, आणि जाडपानी परत आलं. बाबांनी एका बाहेरच्या पानावर स्वतःचा अंगठा हलकेच टेकवला. ठसा उमटला. "तिला नेहमी वाटायचं मी चोरून हात लावतो," ते म्हणाले. "नसता दिसला तर ओळखलं असतं तिनं." आणि ते दोघंही हसले, त्या सहा आठवड्यांत पहिल्यांदा. आईला ही बातमी द्यायची नाही, एवढंच ठरलं. निदान अंगात ताकद येईपर्यंत. पुढे मग ताकद आली, आणि सांगायची वेळ कुठली, हे दोघांपैकी कुणालाच ठरवता आलं नाही.

आई घरी आली ती सकाळ तिला स्वच्छ आठवत होती. आई चादरीसारखी हलकी झालेली. खिडकीशी तिची बैठक घातलेली. आई बसली, झाडाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "छान ठेवलंस हो." दारामागे बाबांनी सोडलेला श्वास तिला ऐकू आला. दुपार झाली. बारा वाजता ऊन खिडकीत आलं. आणि अर्ध्या तासानं आईची हाक आली, "मुंगे, जरा पडदा ओढ गं. डोळ्यांना सोसत नाही आता हा उजेड." तिनं धावत जाऊन पडदा ओढला. आजारानं डोळे नाजूक झाले असणार, बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी आईनं स्वतःच. मग ती रीतच झाली. आई दिव्याखाली प्रुफं तपासायला लागली, भर दुपारी, पिवळ्या उजेडात कागद नाकाशी धरून. दर आठ दिवसांनी ती कुंडीत बोट घालायची, वरची माती चाचपायची, दोन चमचे पाणी घालायची, आणि थोड्या वेळानं बशीत साचलेलं पाणी काही न बोलता मोरीत ओतायची. आणि अकरा वर्षांची मुलगी दाराआडून ते बघायची आणि तिला लाज वाटायची, की जिच्या नजरेतून वेलांटी सुटत नाही ती आई आपण दोघांनी मिळून फसवली.

"मग, बांधू का?" दुकानदारीण विचारत होती.

जाडपानीची कडेची दोन पानं वाकली होती. त्या पहिल्या दुपारनंतर, काचेच्या बाजूची दोन, टोकं खाली गेलेली. तिनं ती पाहिली होती! पाहिली होती, आणि बाबांना सांगितलं होतं, आणि बाबा म्हणाले होते, "नेताना धक्का लागला असेल." बाबांचे नमुने कपाटांत राहायचे. कपाटात ऊन नसतं. खिडकी त्यांच्या हिशेबातच नव्हती, आणि त्यांची सावली होऊन हिंडणाऱ्या मुलीच्याही नव्हती. अर्ध्या तासाचं ऊन, वाकलेली दोन पानं, आणि आईची हाक. हाकेआधीचा तो अर्धा तास आई काय करत होती? बघत होती. डोळ्यांसमोर एक पान हळूहळू मान टाकत होतं, आणि दाराआड दोन माणसं श्वास रोखून उभी होती, आणि तिनं समासात खूण केली होती. पडदा ओढला होता. एक दिवस नाही, बेचाळीस वर्षं. बाबा गेले त्यानंतरही, कारण मग ते त्यांच्या हातचं म्हणून राहिलं. दिव्याखाली काढलेल्या त्या दुपारी, आणि आता आईचे डोळे मधोमध धूसर झालेले, कडेकडेचं तेवढं दिसणारे. दोन गोष्टी एकामागून एक आल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही, हे ती प्रयोगशाळेत नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात शिकवते. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, हे वयाचं आहे. तरी तिनं हातातलं नकली झाड फळीवर ठेवलं.

की हे सगळं आपण आत्ता जुळवतो आहोत? आईचे डोळे खरोखरच नाजूक झाले असतील. पुरावा काय, तर पडदा, दोन पानं आणि एका दुकानदारणीचं बोलणं. आईला विचारावं? बेचाळीस वर्षांनी, ऐंशीच्या घरातल्या बाईला, नव्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या? आणि तिनं ओळखलं नसेलच, तर आपण विचारून तिच्या खिडकीतलं झाड मारणार, दुसऱ्यांदा.

"हे नको," ती म्हणाली. "मी नख लावलं ते द्या."

"अहो, ते? दुसरं देते की चांगलं. आणि पडद्याचं काय? मरेल ते अंधारात, आधीच सांगते."

"तेच द्या. डाग असलेलं."

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला पडदा काढायला सांगितलं. तो शिडी घेऊन आला आणि तिच्याकडे बघत राहिला. "बसवला कधी, काढायचा कधी. तुझ्या आईनं डोळ्यांवर हात घेतला तर?"

"तर परत लावू."

"म्हणजे मी दोनदा चढायचं," तो म्हणाला, पण चढला. हा प्रयोग आहे, असं तिला त्याला सांगता आलं नाही. शनिवारभर ती त्या खोलीत पुन्हापुन्हा जाऊन आली. झाड खिडकीत, आईच्या खुर्चीच्या डाव्या हाताला. नखाची जखम सुकून तपकिरी रेघ झाली होती.

रविवारी आई आली ती साडेअकराला. एका हाताला जावई, दुसऱ्या काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, ते तिनं गाडीत कुणाच्या हाती दिलं नव्हतं. दांडी चाचपून झाली, बटण दाबून झालं, "न्हाणीघर लांब नाही ना गं?" विचारून झालं. मग आई खुर्चीत बसली, टॉवेल मांडीवर. नवरा सामान आणायला खाली गेला. खोलीत ऊन सरकत होतं. आधी फरशीवर, मग आईच्या पावलांवर, मग गुडघ्यांवर. ती पलंगाच्या कडेला बसून बघत होती. श्वास रोखला आहे हे तिचं तिलाच कळलं.

"पडदा नाही लावलास," आई म्हणाली.

"लावू? त्रास होतोय डोळ्यांना?"

आईनं मान जराशी तिरकी केली, आता तिला दिसतं तसं, कडेकडेनं, आणि डावा हात खिडकीकडे नेला. बोटं कुंडीच्या काठावर आली, काठावरून मातीत. एक बोट पेरभर आत गेलं. मग वर, पानावर. अंगठ्यानं तिनं पान दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. शेवटी ती तपकिरी रेघ तिच्या बोटाला लागली, आणि तिथे बोट थांबलं.

"याला उन्हात चालतं?"

"चालतं, आई," ती म्हणाली. "लागतंच त्याला ऊन."

"हं." आईनं टॉवेल उलगडला. राखी पानं, पूड पिवळट पडलेली, कडेची दोन वाकलेली, आणि बाहेरच्या एका पानावर बाबांचा अंगठा. तिनं ते दोन्ही हातांनी पुढे धरलं. "मग हे आत कुठेतरी ठेव, सावलीत. कपाट असेल तर बघ. तुझ्या बाबांना खिडकीचं कधी कळलंच नाही."

तिनं ते घेतलं. हलकं होतं, इतकं हलकं असेल असं वाटलं नव्हतं. काहीतरी बोलायला हवं होतं, बेचाळीस वर्षांचं, आणि तोंडाशी आलं ते एवढंच: "एक्केचाळीस पानं आहेत, आई."

"माहीत आहे," आई म्हणाली. "खऱ्याची तेव्हा पंचेचाळीस झाली होती. आतली चार तुला मोजता आली नव्हती."

आईनं पाय पसरले. ऊन आता तिच्या मांडीवर, हातांवर, हनुवटीवर आलं होतं, आणि ती त्यात मागे रेलली, मांजरासारखी, डोळे मिटून. तिचं खुर्चीतलं सगळं अंग सैल झालं. ती मेणाचं झाड छातीशी धरून दारापर्यंत गेली तेव्हा मागून आवाज आला.

"आणि मुंगे, त्या खिडकीतल्याला पाणी मी घालीन. तू हात लावायचा नाहीस."